कोरियन हृदयधमन्यांची ठेवण: प्रकल्प नोंदी, सोल 2023

6 मार्च 2023

आजपासून नोंदी ठेवायच्या. कोरियात शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, म्हणून प्रकल्पालाही हाच मुहूर्त मिळाला.

काम असं आहे. कोरोनरी सीटी, म्हणजे हृदयधमन्यांचं सीटी स्कॅन, करून घेतलेल्या कोरियन प्रौढांचे जुने स्कॅन पुन्हा वाचायचे आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची जन्मजात ठेवण टिपायची. ब्लॉकेज मोजायचे नाहीत, ते काम पुष्कळांनी केलं आहे. आम्हाला बघायचंय ते वेगळं: कुठली धमनी कुठून निघते, कुठल्या वाटेनं जाते, कुठे फाटे फुटतात, कुठे स्नायूत बुडी मारून पुन्हा वर येते.

पुस्तकातलं चित्र सगळ्यांना पाठ असतं. महाधमनीच्या बुडाशी झडपेच्या तीन पाकळ्या, प्रत्येकीमागे एक फुगीर खळगा, म्हणजे सायनस. उजव्या सायनसमधून उजवी कोरोनरी निघते, डाव्यातून डावी. डावीचं आखूड खोड लगेच दुभंगतं: एक फांदी पुढच्या खाचेतून खाली टोकाकडे उतरते, ती एलएडी, आणि दुसरी डाव्या बाजूनं मागे वळते, ती सर्कमफ्लेक्स. प्रत्यक्षात प्रत्येक हृदय चित्राबरहुकूम नसतं.

'वेगळं' आणि 'विकृत' यांच्यातली रेघ कुठे ओढायची, हा पहिल्याच बैठकीतला प्रश्न. हृदयरोगतज्ज्ञ पाओलो अँजेलिनी यांनी घालून दिलेली व्याख्या बहुतेक जण वापरतात: लोकसंख्येत 1 टक्क्याहून कमी जणांत दिसतं ते विसंगत, त्याहून जास्त जणांत दिसतं ते सर्वसामान्य वैविध्य. व्याख्या सुटसुटीत आहे. पण कुठल्या लोकसंख्येतला 1 टक्का? सगळीकडे उद्धृत होणारी मोठी मालिका क्लीव्हलँड क्लिनिकची, 1990 साली छापलेली. 1,26,595 रुग्णांच्या अँजिओग्राफीत, म्हणजे धमनीत नळी घालून डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडून केलेल्या तपासणीत, 1.3 टक्के लोकांमध्ये विसंगती सापडल्या होत्या. ते सगळे अमेरिकेतल्या रुग्णालयात हृदयाची शंका आली म्हणून कॅथलॅबमध्ये, म्हणजे ही तपासणी होते त्या खोलीत, गेलेले लोक. सोलमधल्या धडधाकट माणसाच्या हृदयाला त्यांची फूटपट्टी का लावायची?

घरची एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण मी या कामात का पडले ते तिच्यात आहे. काही वर्षांपूर्वी नाशिकला बाबांची अँजिओग्राफी झाली. ब्लॉकेज नव्हतं. पण जाताजाता त्यांना सांगितलं गेलं, "तुमची उजवी नस जन्मतःच बारीक आहे." एवढंच. पुढे कोणी काही समजावलं नाही. बाबांनी महिनाभर गोदाकाठचं फिरणं बंद केलं. आईनं त्यांना जिना चढू दिला नाही. मी सुट्टीत घरी गेले तेव्हा सीडी लावून बघितली. त्यांच्या हृदयात डावीचं वर्चस्व होतं. मागच्या भागाला रक्त देण्याचं काम डावी करत होती, म्हणून उजवी लहान होती. आजार काहीच नव्हता.

9 मार्च

नीतिमत्ता समितीची मंजुरी आली. स्कॅनवरून नाव, जन्मतारीख आणि 13 आकडी नागरिक क्रमांक काढून टाकले आहेत. आमच्याकडे फक्त सांकेतिक क्रमांक, लिंग, वय, उंची, वजन. क्रमांकामागचा माणूस कोण, याची यादी एकट्या समन्वयक बाईंकडे, कुलुपात.

22 मार्च

स्कॅन वाचणाऱ्यानं स्कॅन होताना एकदा तरी बघावा, असं प्राध्यापकांचं मत. त्यांना सगळे 'ग्योसुनिम' म्हणतात, 'निम' म्हणजे आपला 'जी'. म्हणून आज दिवसभर सीटीच्या खोलीत होते.

हृदय थांबत नाही, आणि धमनी जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद, मधल्या स्नायूबरोबर सतत हलणारी. त्यामुळे सगळी धडपड ठोके कमी करण्याची. मिनिटाला 65 च्या वर असतील तर बीटा ब्लॉकर देतात. मग जिभेखाली नायट्रोग्लिसरीन, म्हणजे धमन्या सैल होतात आणि बारीक फांद्याही दिसतात. ईसीजीच्या तारा लावलेल्या. डाय शिरेत गेला की अंगभर ऊब पसरते, आणि तेवढ्यात स्पीकरवर आवाज येतो: "सुम छामउसेयो", श्वास रोखून धरा. काही सेकंदांचा खेळ. यंत्र ईसीजीकडे बघून हृदय सैल पडल्याच्या क्षणाचं चित्र जुळवतं.

आजची पाचही माणसं स्वतःच्या पायांनी, कामावरून आलेली. छातीत दुखतंय म्हणून कोणीच आलं नव्हतं. कोरियात आरोग्य विम्यातर्फे साधारण दर दोन वर्षांनी सर्वसाधारण तपासणी होते. त्यात कोरोनरी सीटी नसतो, पण खासगी तपासणी केंद्रांच्या मोठ्या पॅकेजमध्ये तो घेता येतो, आणि पुष्कळ कंपन्या कर्मचाऱ्यांच्या तपासणीचा खर्च उचलतात. त्यामुळे लक्षणं नसलेल्या माणसांची इतकी हृदयं इथे बघायला मिळतात. आमच्या अभ्यासाचं खरं भांडवल हेच आहे.

12 एप्रिल

पहिले 50 स्कॅन दोघांनी स्वतंत्रपणे वाचले, मी आणि आमचा कोरियन सहकारी. आज ताडून पाहिले. वर्चस्वावर जवळजवळ एकमत. मागच्या खाचेतून उतरणारी धमनी उजवीकडून आली तर उजवं वर्चस्व, सर्कमफ्लेक्सकडून आली तर डावं, दोघींनी मिळून तो भाग वाटून घेतला तर समान. जगभर साधारण 80 ते 85 टक्के माणसांत उजवं वर्चस्व सांगतात. आमचे आकडे छापून येईपर्यंत इथे लिहिणार नाही.

भांडण झालं ते दोन फांद्यांवर.

पहिली, रॅमस. डावीचं खोड कधीकधी दोनाऐवजी तीन फांद्यांत फुटतं, मधली ती रॅमस. पण हीच फांदी दोन मिलिमीटर पुढे एलएडीवरून निघाली तर ती पहिली डायगोनल, आणि सर्कमफ्लेक्सवरून निघाली तर ऑब्ट्यूज मार्जिनल. मी सढळ हातानं रॅमस लिहीत होते, तो कंजूषपणे. चित्र एकच, पण माझ्या कोष्टकात रॅमस त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. वेगवेगळ्या देशांच्या अभ्यासांत रॅमसचं प्रमाण इतकं वरखाली का होतं, त्याचं निम्मं उत्तर मला आज या टेबलावर मिळालं. देशादेशांतला म्हणून जो फरक छापला जातो, त्यातला काही भाग दोन वाचणाऱ्यांतला असतो.

दुसरी, कोनस धमनी. ही सहसा उजव्या कोरोनरीची पहिली फांदी. पण पुष्कळांत ती उजव्या सायनसमधून स्वतंत्र तोंडानं निघते, म्हणून तिला तिसरी कोरोनरी म्हणतात. दोन्ही तोंडं इतकी शेजारी असतात की जाड छेदात ती एकच वाटतात. मी सात-आठ ठिकाणी 'फांदी' लिहिलं होतं, पातळ छेद काढल्यावर त्यातल्या निम्म्या स्वतंत्र निघाल्या. चूक माझी होती आणि ती महत्त्वाची होती. कॅथलॅबमध्ये नळी नकळत या बारीक धमनीत शिरली आणि तिथे डाय सोडला, तर हृदयाची लय बिघडून प्राणावर बेतू शकतं. अँजिओग्राफीपूर्वी असं तोंड आहे हे ठाऊक असलेलं बरं.

वहीत नियम लिहिले. नियम 3: रॅमस तेव्हाच, जेव्हा तिन्ही फांद्या एकाच ठिकाणाहून निघतात आणि तिन्ही प्रतलांत तसं दिसतं. नियम 4: कोनससाठी सर्वात पातळ छेद उघडल्याशिवाय नोंद नाही.

4 मे

स्नायुपूल. धमन्या हृदयाच्या पृष्ठभागावर चरबीत पहुडलेल्या असतात. एलएडी मात्र काही जणांत मध्येच काही अंतर स्नायूखाली जाते आणि पुढे पुन्हा वर येते. वरून गेलेला स्नायूचा पट्टा म्हणजे पूल.

इथे 'किती जणांत' या प्रश्नाला मोजण्याच्या साधनाशिवाय उत्तरच नाही. अँजिओग्राफीत फक्त पोकळी दिसते, म्हणून पूल कळतो तो आकुंचनाच्या वेळी धमनी दाबली गेली तरच. त्यामुळे तिथे प्रमाण फार कमी येतं. शवविच्छेदनात स्नायूचा पातळसा पदरसुद्धा सुरीखाली सापडतो, तिथे ते कैक पटींनी जास्त. सीटी दोन्हींच्या मध्ये, कारण त्यात पोकळीबरोबर भोवतालचा स्नायूही दिसतो. कोरियन सीटीतला आकडा अमेरिकन अँजिओग्राफीतल्या आकड्याशेजारी ठेवून 'कोरियन लोकांत पूल जास्त' म्हणणं म्हणजे तराजूच्या एका पारड्यात शेर आणि दुसऱ्यात किलो.

आम्ही खोली मोजतोय: 2 मिलिमीटरपर्यंत उथळ, पुढे खोल. शक्य तिथे आकुंचनाचं चित्रही बघतो. कोरिया आणि जपानमध्ये धमनीला अचानक उबळ येऊन होणारा अंजायना, म्हणजे छातीतलं दुखणं, बराच आढळतो, आणि पुलाच्या जागी उबळ यायची प्रवृत्ती असते असं इथले हृदयरोगतज्ज्ञ मानतात. त्यामुळे पुलाची नीट नोंद असणं इथे नुसतं शरीररचनेचं कौतुक नाही.

28 जून

कोरियात आजपासून कायद्यानं सगळ्यांची वयं आंतरराष्ट्रीय पद्धतीनं मोजायची. आजवर बोलण्यात जन्मल्या दिवशीच 1 वर्ष आणि दर 1 जानेवारीला सगळ्यांचं एकेक वर्ष वाढतं, अशी रीत. उपाहारगृहात सगळे एकमेकांना "मी लहान झालो" सांगत होते. आमच्या तक्त्यात फरक नाही. रुग्णालय आधीपासून जन्मतारखेवरूनच वय काढतं. तरी समन्वयक बाईंकडून खात्री करून घेतली.

19 जुलै

जांगमा, म्हणजे इथला पावसाळा, जोरात. दिवसभर अंधारून आलेलं. वाचनखोलीत तसाही अंधारच असतो.

दुपारी उघडलेल्या स्कॅनवर हात थांबला. पुरुष, चाळिशीतला. उजव्या सायनसमध्ये उजवीचं तोंडच नाही. वर सरकले, खाली सरकले. मग दिसलं: उजवी डाव्या सायनसमधून, डावीच्या शेजारून निघालेली. निघाल्यावर ती महाधमनीला घासून, अगदी लहान कोन करून उजवीकडे वळते आणि महाधमनी व फुफ्फुसधमनी यांच्यामधल्या फटीतून जाते. तोंड गोल नाही, फटीसारखं. तोंडाच्या प्रतलात आडवा छेद घेतला तेव्हा पोकळी बदामाच्या आकाराची, आणि पहिले काही मिलिमीटर ती महाधमनीच्या भिंतीतूनच जातेय की काय असं वाटावं इतकी चिकटलेली. पुढे दोन मोठ्या नळ्यांच्या तावडीतून सुटली की तीच धमनी टपोरी गोल होते.

क्लीव्हलँडच्या यादीत सर्कमफ्लेक्स उजवीकडून निघण्याची विसंगती हिच्या बरीच वर आहे. कोरियन सीटी मालिकांमध्ये मात्र उजवी डाव्या सायनसमधून निघालेली वारंवार वरच्या क्रमांकावर दिसते. कोरियन रेडिओलॉजिस्टांनीच पुढे हिचे दोन प्रकार वेगळे केले: धमनी दोन महानळ्यांच्या मधून वरच्या पातळीवर जाते का, की खाली, महाधमनी आणि उजव्या निलयाचा बाहेर जाणारा मार्ग यांच्यामधून. वरच्या पातळीवरची जास्त जोखमीची मानली जाते, कारण व्यायामात दोन्ही महानळ्या फुगतात तेव्हा दाब तिथे येतो. आजची वरच्या पातळीची होती.

डावी कोरोनरी उजव्या सायनसमधून निघून याच फटीतून जात असेल तर धोका कितीतरी मोठा, आणि सहसा शस्त्रक्रिया सुचवतात. उजवीच्या बाबतीत तसं सरसकट नाही. लक्षणं आहेत का, ताणाच्या चाचणीत रक्तपुरवठा कमी पडतो का, हे बघून ठरतं. असंख्य माणसं अशा धमनीसह म्हातारी होतात. पण क्वचित कोणी खेळताना, धावताना कोसळतो. इथल्या तरुणांना सक्तीची सैन्यसेवा असते, स्थलसेनेत 18 महिने. हा माणूसही कधीतरी पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढला असेल. मला ते कधी कळणार नाही.

मूळ रिपोर्ट मागवला. त्यात फक्त एवढं: धमन्यांमध्ये अरुंदपणा नाही. ते खरं होतं, पण धमनी कुठून निघते याबद्दल एक शब्दही नव्हता.

ग्योसुनिमना बोलावलं. ते खुर्चीत बसले, पाच मिनिटं काही न बोलता माउस फिरवत राहिले आणि म्हणाले, "क्रमांक आज द्या. उद्या नको." समितीच्या नियमात याची तरतूद आहे. संध्याकाळी सांकेतिक क्रमांक समन्वयक बाईंकडे गेला. पुढचा फोन हृदयरोग विभाग करेल.

झोप लागली नाही. बाबांना नको तेवढं सांगून घाबरवलं होतं, आणि या माणसाला सांगायलाच हवं होतं ते कोणी सांगितलं नाही.

21 जुलै

नियम 7 लिहिला: प्रत्येक स्कॅनमध्ये आधी दोन्ही तोंडं शोधायची, सायनस नोंदवायचे, मगच पुढे जायचं. डोळा सवयीनं ब्लॉकेजकडे पळतो. तोंड बघायला त्याला सक्तीनं थांबवावं लागतं.

16 ऑगस्ट

दुर्मीळ गोष्टींची यादी हळूहळू भरतेय. एका स्कॅनमध्ये डावीचं खोडच नव्हतं, एलएडी आणि सर्कमफ्लेक्स आपापल्या तोंडानं निघालेल्या. एकात दोन एलएडी, एक आखूड, खाचेत वरच संपणारी, दुसरी खाचेबाहेरून येऊन खालच्या भागात खाचेत शिरणारी. स्टेंट टाकणाऱ्यानं पहिलीलाच खरी एलएडी समजलं तर ती बंद पडलीय असा गैरसमज होईल. आणि फिस्टुला, म्हणजे धमनीची भलत्याच जागी झालेली जोडणी: कोरोनरीतून निघून फुफ्फुसधमनीच्या पुढे गुंत्यासारख्या वळवळणाऱ्या बारीक नळ्या. अँजिओग्राफीच्या काळात या दुर्मीळ गणल्या जायच्या. सीटीत लहानसहानही सापडतात.

29 सप्टेंबर

चुसोक, इथला सुगीचा सण. 2 ऑक्टोबरची जादा सुट्टी धरून सलग सहा दिवस रुग्णालय जवळजवळ रिकामं. आठव्या चांद्रमासाची पौर्णिमा, म्हणजे आपली भाद्रपद पौर्णिमा. इथे घरोघरी पूर्वजांपुढे ताट मांडतात, आपल्याकडे आजच पितृपक्ष लागला. सहकाऱ्याच्या आईनं सोंगप्योन पाठवले: तांदळाच्या पिठाची पारी, आत तीळ-मधाचं सारण, पाइनच्या पानांवर वाफवलेले. दहा दिवसांपूर्वी खोलीवर एकटीनं केलेले उकडीचे मोदक आठवले. आईला फोन केला. तिनं विचारलं, "त्या माणसाचं काय झालं गं?" सांगण्यासारखं काही नव्हतं.

18 ऑक्टोबर

शरीररचना विभागात. देहदान केलेल्या व्यक्तींचं हृदय हाताळायची परवानगी मिळाली. इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत देहदात्यांसाठी स्मृतिसोहळा होतो, घरचे लोक आणि विद्यार्थी एकत्र उभे राहतात. आजही सुरी उचलण्यापूर्वी सगळे मान झुकवून शांत उभे राहिले.

हृदय वजनाला अपेक्षेपेक्षा जड, चरबी पिवळी, किंचित तेलकट. चिमट्यानं चरबी बाजूला करत एलएडी उघडी केली. वरून खाली बोट फिरवत गेले. तीन-एक सेंटिमीटर मऊ दोरी बोटाखाली जाणवते, आणि मग एकदम हरवते. तिथे तांबूस तंतू तिच्यावरून आडवे गेलेले, कागदाच्या घडीएवढे पातळ. नखानं उचलता येतील असे. पुढे बोटाखाली दोरी पुन्हा लागली. मे महिन्यापासून स्क्रीनवर मोजत असलेला पूल हा. सीटीत हा दिसला असता का, याची मला खात्री वाटेना, आणि 2 मिलिमीटरच्या माझ्या रेघेकडे बघण्याची नजर बदलली. नोंदीत 'उथळ' बरोबर 'सीमेवर' असा तिसरा रकाना वाढवला.

सायनस नोडची, म्हणजे हृदयाचा ठेका ठरवणाऱ्या गाठीची, धमनीही शोधली. ती साधारण 60 टक्के माणसांत उजवीकडून येते, बाकीच्यांत बहुतेक डाव्या सर्कमफ्लेक्सकडून. इथे डावीकडून येत होती, अलिंदाच्या मागून, शिवणकामाच्या दोऱ्याएवढी. तिच्या वाटेत शस्त्रक्रियेची सुरी आली तर हृदयाचा ठेका चुकतो. सहकारी शेजारी उभा राहून स्केल धरत होता. आम्ही दोघांनीही बराच वेळ एकही वाक्य बोललं नाही.

8 नोव्हेंबर

धमन्यांच्या रुंदीचं कोष्टक. आशियाई लोकांच्या कोरोनरी मुळातच बारीक, हे वाक्य मी एमबीबीएसपासून ऐकतेय, आणि भारतीयांबद्दल तर हमखास. उंची-वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढून रुंदीला भागलं की हा फरक बराचसा विरतो, असं भारतीय वंशाच्या लोकांवरच्या अभ्यासातही दिसलं आहे. लहान चणीच्या माणसाची धमनी लहान असणार. वर्चस्वाचाही हिशेब हवा: डावं वर्चस्व असलेल्यांची उजवी बाजूला न काढता सरासरीत मिसळली तर सरासरी खाली ओढली जाते. आम्ही रुंदी वर्चस्वानुसार वेगळी मांडतोय, आणि प्रत्येक ओळीत क्षेत्रफळानं भागलेला आकडा शेजारी.

15 नोव्हेंबर

समन्वयक बाई जेवणाच्या रांगेत भेटल्या. जुलैतल्या त्या क्रमांकाचा माणूस येऊन गेला. ताणाची चाचणी झाली, पुढची देखरेख सुरू आहे. "याहून जास्त मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. मी कमरेत वाकून "खाम्साहाम्निदा", धन्यवाद, म्हटलं.

दुपारी तपासणी केंद्रासाठी रिपोर्टच्या मसुद्यावर बसलो. वैद्यकीय निष्कर्षाखाली सामान्य माणसासाठी दोन ओळी असाव्यात, हा माझा आग्रह ग्योसुनिमनी मानला. डाव्या वर्चस्वासाठीची ओळ अशी ठरली: 'तुमच्या हृदयाच्या मागच्या भागाला डाव्या धमनीकडून रक्त मिळतं, म्हणून उजवी लहान आहे. ही जन्मजात ठेवण आहे, आजार नाही, यासाठी व्यायाम कमी करायची गरज नाही.' सहकाऱ्यानं ती कोरियनमध्ये लिहिली. मी मराठीत उतरवून बाबांना पाठवली.

16 नोव्हेंबर

नियम 7 आणि 'सीमेवर' हा रकाना पहिल्या 50 स्कॅनच्या वेळी नव्हते. ते 50 उद्यापासून पुन्हा, क्रमांक 1 पासून.